पार्श्वभूमी : बाळंतपण दवाखान्यात आले, सिस्टर मात्र एकटीच

२००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली जेमतेम ३९ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत हेच प्रमाण ८९ टक्के झाले आणि महाराष्ट्रात तर ते ९५ टक्क्यांच्या घरात पोचले. काम मोठेच झाले. पण दवाखान्यात आलेल्या बाईला तिथे मिळते काय, हा प्रश्न त्यानंतर जास्त टोचू लागला. २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की उपचाराने टळू शकले असते अशा भारतातल्या वर्षाकाठच्या सुमारे २४ लाख मृत्यूंपैकी १६ लाख मृत्यूंमागे निकृष्ट दर्जाचे उपचार असतात. दवाखान्यापर्यंत न पोचल्याने होणारे मृत्यू त्याच्या निम्म्याच्या आसपास आहेत.

हा दर्जा रुग्णापर्यंत पोचतो तो बहुतेक वेळा सिस्टरच्या हातून. म्हणून मागे जायचे तर सिस्टरच्या इतिहासातच जावे लागते.

स्वातंत्र्याआधी देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात एक आकडा आहे : ४३,००० लोकांमागे एक नर्स. त्याच काळात ब्रिटनमध्ये हे प्रमाण ३०० मागे एक असे होते. अख्ख्या अखंड हिंदुस्थानात मिळून नर्स होत्या सुमारे सात हजार. पूर्ण शिकलेल्या नर्स खेड्यापर्यंत पोचायला कित्येक वर्षे लागणार हे उघड होते. म्हणून १९५० च्या सुमारास कमी मुदतीचा एक अभ्यासक्रम निघाला आणि त्यातून एएनएम, म्हणजे गावाकडची 'नर्सबाई', तयार झाली. तिचे शिक्षण दोन वर्षांचे आणि मुख्य काम बाळंतपण. निकडीपोटी काढलेली ही वाट होती. माझ्या मते ती चूक नव्हती. पण निकड संपल्यावरही व्यवस्था त्याच वाटेवर राहिली.

पुढे या नर्सबाईवर एकेक काम चढत गेले. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने तिला बहुउद्देशीय आरोग्य सेविका करण्याची शिफारस केली आणि नंतर प्रशिक्षणाची मुदत दीड वर्षावर आली. लसीकरण, मलेरियाचे रक्तनमुने, घरभेटी, रजिस्टरे आणि या सगळ्यांवर कुटुंब नियोजनाचे 'टार्गेट'. केसेस किती आणल्या यावर तिची किंमत ठरू लागली. वरून लादलेली ही टार्गेटे १९९६ मध्ये काढली गेली, पण तोवर बाळंतपणाचा सराव बऱ्याच सेविकांच्या हातून सुटला होता. सपाटीवर ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा निकष आजही ऐकायला मिळतो. त्यात इमारत मोजली जाते, लोकसंख्या मोजली जाते. सेविकेच्या हातातले कसब त्यात कुठे मोजायची?

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले, आशाताई आल्या आणि जननी सुरक्षा योजनेतून दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला रोख पैसे मिळू लागले. बायका आल्या. प्रसूतिकक्ष भरले. सिस्टरांची पदे त्या वेगाने भरली नाहीत. जी भरली त्यांतली बरीच कंत्राटी होती.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय, हे कळायला रात्रीच्या ड्युटीतले एकच मिनिट पुरे. बाळ बाहेर येते. पहिल्या मिनिटाच्या आत आईच्या मांडीत ऑक्सिटोसिनचे दहा युनिट द्यायचे असतात. त्याने गर्भाशय आकुंचन पावते, वार सुटते आणि जीवघेणा रक्तस्राव टळतो. हे औषध दोन ते आठ अंशांत ठेवावे लागते. वीज जाऊन फ्रिज बंद राहिला तर त्याचा जोर कमी होतो आणि बाहेरून अँप्युल पाहून ते कळत नाही. आता बाळ रडलेच नाही, तर त्याच पहिल्या मिनिटात त्याला कोरडे करून, चोळून, तरीही श्वास नसेल तर तोंडावर मास्क ठेवून पिशवीने हवा द्यायची असते. दोन्ही कामे त्याच मिनिटातली आणि कक्षात सिस्टर एक. ती कितीही हुशार असली तरी एकाला थांबावे लागते. मग एकीकडे दुसरी बाई कळा देत असते आणि रजिस्टर कोरे असते ते वेगळेच. अशा ठिकाणी 'निष्काळजीपणा' हा शब्द फार स्वस्तात वापरला जातो, याचा मला मनापासून राग येतो.

उत्तर प्रदेशात १२० सरकारी केंद्रांवर एक मोठा प्रयोग झाला. सुरक्षित प्रसूतीची २८ मुद्द्यांची यादी सिस्टरांना दिली आणि सोबत प्रशिक्षक बसवले. २०१७ मध्ये निकाल आला : हात धुण्यापासून औषध वेळेवर देण्यापर्यंत कामाची पद्धत ठळकपणे सुधारली, पण माता-बालमृत्यूंत फरक दिसला नाही. मला यातून एवढेच दिसते, की यादी चांगली असली तरी अवघड बाळंतपण सोडवण्याचे कौशल्य आणि वेळेत वरच्या दवाखान्यात पाठवण्याची सोय यादीतून येत नाही.

याच्या उलट उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. बाळाला पिशवी-मास्कने श्वास देणे, वजन करणे, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला होता. कमी शिकलेल्या बाईला नीट शिकवले, पाठीशी माणूस ठेवला आणि तिचे क्षेत्र आटोपशीर राखले, तर गावातच दर्जा येतो, हे त्यातून सिद्ध झाले.

सिस्टरांच्या संख्येचा दर्जाशी असलेला संबंध परदेशात आकड्यांनी मांडला गेला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांच्या अभ्यासात (२००२) एका नर्सकडे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे : सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक नर्स. रजेसाठीची राखीव पदे त्यावर वेगळी.

२०१७ च्या अखेरीस 'लक्ष्य' कार्यक्रमातून प्रसूतिकक्षांच्या गुणवत्तेची तपासणी सुरू झाली, २०१८ मध्ये सुईणकामाचे खास दीड वर्षाचे प्रशिक्षण देण्याचे धोरण आले आणि १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली. हा नवा कायदा शिक्षण, नोंदणी आणि आचारसंहिता यांविषयी बोलतो. एका सिस्टरकडे जास्तीत जास्त किती रुग्ण असावेत, हे त्यात सांगितलेले नाही. कॅलिफोर्नियात ही मर्यादा २००४ पासून बंधनकारक आहे.