गळाची काठी : निवड

दोरा लांब फेकणे, मासा लागल्याची चाहूल हाताला पोहोचवणे आणि त्याची ओढ सोसणे ही गळाच्या काठीची तीन कामे. इंदूरकडे तिला बंसीही म्हणतात. एकच काठी तिन्ही कामे सगळीकडे सारखी चांगली करत नाही, म्हणून निवडीचा क्रम महत्त्वाचा आहे : आधी मासा आणि पाणी ठरवावे, त्यावरून आमिषाचे वजन, वजनावरून दोरा आणि सर्वांत शेवटी काठी. आधी काठी विकत घेऊन मग तिला जमेल तसा दोरा आणि शिसे (दोरा बुडवणारे वजन) शोधत बसणे, हे बहुतेक फसलेल्या खरेदीचे मूळ असते.

इंदूरच्या आसपास दोन अगदी वेगळी पाणी आहेत. गंभीर नदीवरचा यशवंत सागर आणि माळव्यातले इतर तलाव म्हणजे उथळ, चिखलाचे काठ, जागोजागी बेशरमीची झुडपे आणि पाणवनस्पती. त्यांत रोहू, कटला, मृगळ आणि मरळ. घाट उतरून मंडलेश्वर किंवा बडवाहला गेले की नर्मदेचे खडकाळ पात्र आणि प्रवाहाची ओढ सुरू होते. या दोहोंसाठी एक काठी पुरत नाही.

तलावातल्या रोहूसाठी १० ते १२ फुटांची, मुठीपर्यंत सावकाश वाकणारी काठी घ्यावी. कणीक, भाजलेल्या डाळीचे पीठ आणि पेंड मळून केलेली गोळी मऊ असते. ताठ काठीने फेकताना झटका बसला की ती हवेतच गळावरून निसटते. रोहूचे ओठही मऊ असल्याने ताठ काठीच्या हिसक्याने ओठ फाटून गळ बाहेर येतो. लांबीचा दुसरा उपयोग म्हणजे उन्हाळ्यात पाणी मागे सरले तरी चिखलात न उतरता दोरा झुडपांपलीकडे टाकता येतो. मात्र लांबीची किंमत मोजावी लागते. काठी जितकी लांब तितका तरफेचा फायदा माशाला, आणि तितका भार मनगटावर.

मरळीचे गणित उलटे आहे. ती पाणवनस्पतींच्या आडून झेप घेते आणि गळ लागताच परत आत घुसते. तिला पहिल्या दोन-तीन सेकंदांत बाहेर ओढायचे असते, म्हणून साडेसहा ते सात फुटांची, फक्त टोकाशी वाकणारी जाड काठी आणि न ताणणारा विणलेला दोरा हवा. इथे मऊ काठी घेतली की मासा गवतात अडकतो आणि दोराही तुटतो. नर्मदेच्या ओढीत मोठ्या माशासाठी ८ ते ९ फुटांची भक्कम काठी आणि २० पौंडांच्या पुढच्या ताकदीचा दोरा धरून चालावे. महसीर हा मध्य प्रदेशाचा राज्यमासा असून त्याची संख्या घटली आहे. तो लागलाच तर न दमवता लवकर काठाशी आणून सोडून द्यायला हवा, आणि त्यासाठीही काठी बारीक असून चालत नाही.

मुठीच्या वर छापलेले आकडे नीट वाचावेत. ‘२.४० मीटर, १०–३० ग्रॅम, ८–१६ पौंड’ याचा अर्थ लांबी सुमारे ८ फूट, फेकायचे वजन १० ते ३० ग्रॅम आणि दोऱ्याची ताकद ८ ते १६ पौंड. वजनात आमिष, शिसे आणि तरंगता बोया तिन्ही धरायचे. काठी सर्वांत चांगली चालते ती मधल्या आकड्यांवर, म्हणजे १५ ते २० ग्रॅमवर. वजन फार कमी पडले तर ती वाकतच नाही आणि फेक पायाशी पडते. जास्त झाले तर सांध्यापाशी तडकते. रीळचा (दोरा गुंडाळायच्या फिरकीचा) ब्रेक, म्हणजे दोरा किती ताणावर सुटू लागेल ती मर्यादा, दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर लावतात : १२ पौंडी, म्हणजे सुमारे साडेपाच किलोच्या दोऱ्याला साधारण दीड किलो. हे लहान ताणकाट्याने मोजावे, अंदाजाने नव्हे.

काचतंतूची (फायबरग्लासची) काठी जड आणि थोडी सुस्त, पण आपटणे सोसते. नवशिक्याने तीच घ्यावी. कार्बनची हलकी असते आणि मासा नुसता आमिषाला नाक लावून गेला तरी हाताला कळते, पण दगडावर आपटून ओरखडा पडला की पुढच्या ताणात नेमकी तिथेच तुटते. कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळे विजेच्या तारांखाली किंवा गडगडाटात ती उभी धरू नये. बांबूची करायची तर भरीव बांबू सावलीत आडवा ठेवून पूर्ण वाळवावा; ओला बांबू ताणाने वाकला की तसाच राहतो.

दुकानात टोक हाताने वाकवून पाहू नये. काठीवरच्या कड्यांतून दोरा ओवून दुसऱ्याला तो सावकाश ओढायला सांगावे आणि वाक कुठे सुरू होतो, सांध्यात करकर ऐकू येते का, हे पाहावे. मग कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवावा. तंतू अडकले तर आतल्या चिनी मातीच्या कड्याला तडा आहे आणि तो दोरा कापणार. ७ फुटांच्या काठीला टोकाची धरून आठेक कड्या असाव्यात. त्याहून बऱ्याच कमी असतील तर ताणाखाली दोरा काठीला घासतो. खालून लटकणाऱ्या स्पिनिंग रीळला पहिली कडी मोठीच लागते, नाहीतर सुटणारे वेढे तिच्यावर आपटून फेक आखूड होते.

घडीची, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची काठी स्कूटरवर नेण्यास सोयीची, पण काळ्या मातीचा चिखल तिच्या नळ्यांत बसला की ती उघडतही नाही आणि मिटतही नाही. ती प्रत्येक वेळी धुऊन, पुसून, सुकवूनच मिटावी. शक्य असेल तर दोन तुकड्यांची घ्यावी. मासा पायाशी आल्यावर काठी खांद्यामागे नेऊन त्याला उचलणे हे तुटण्याचे सर्वांत नेहमीचे कारण : सगळा भार बारीक टोकावर येतो. काठी ४५ ते ६० अंशांत ठेवून मासा जाळीत घ्यावा.

१६ जून ते १५ ऑगस्ट हा प्रजननाचा काळ असल्याने, नदीशी संबंध नसलेली छोटी तळी सोडता, मध्य प्रदेशात मासेमारी बंद असते. इतर दिवसांत तलावाचा ठेका ज्या मच्छीमार संस्थेकडे असेल तिची परवानगी घ्यावी. बंदीच्या महिन्यांत काठी बंद मोटारीत ठेवू नये. टोकाची कडी बहुधा तापल्यावर मऊ होणाऱ्या गोंदाने बसवलेली असते आणि उकाड्यात ती फिरते. दोरा सोडून, सांधे सुटे करून, काठी सपाट आडवी ठेवावी.