शेंगदाणा: "तीन वर्षं नको" ते "लवकर द्या", हे उलटं कसं झालं?

बाळाचं उष्टावण झालं की थोड्या दिवसात प्रश्न येतोच, शेंगदाणा कधी द्यायचा? आणि घरातली माणसं वेगवेगळी उत्तरं देतात. आजी म्हणते घाल की चिमूटभर कूट, अमेरिकेतली मावशी म्हणते तीन वर्षं अजिबात नको, आमच्या वेळी डॉक्टरांनीच बजावलं होतं, आणि आत्ताचे डॉक्टर म्हणतात उशीर करू नका. मावशीचं ऐकून चिडायच्या आधी एक लक्षात घ्या, ती खरं तेच सांगतेय. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने अधिकृतपणे हेच सांगितलं होतं, की ज्या बाळांना अ‍ॅलर्जीचा धोका जास्त आहे त्यांना दूध एक वर्षानंतर, अंडं दोन वर्षांनंतर आणि शेंगदाणा, सुकामेवा, मासे तीन वर्षांनंतर. ब्रिटनमध्ये तर त्याच्या दोन वर्षं आधी, १९९८ ला, अशाच घरांतल्या गरोदर बायकांनाही शेंगदाणा टाळलेला बरा असं सांगून झालं होतं.

आता थोडं मागे जाऊ. अ‍ॅलर्जी हा शब्द १९०६ चा, व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या मुलांच्या डॉक्टरने काढलेला. त्याच्या थोडं आधी फ्रान्समध्ये रिशे आणि पोर्तिए यांनी कुत्र्यांवर प्रयोग करताना पाहिलं होतं की समुद्री जीवाचं विष पहिल्यांदा दिलं तेव्हा तगलेला कुत्रा दुसऱ्यांदा अगदी थोड्या डोसनेही मरतो, अशा अचानक येणाऱ्या जीवघेण्या झटक्यालाच त्यांनी अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हटलं आणि रिशेंना १९१३ चं नोबेल मिळालं. पण खाण्याच्या अ‍ॅलर्जीचं मला सगळ्यात भारी वाटतं ते १९२१ चं प्रकरण. क्युस्टनर नावाच्या डॉक्टरला शिजवलेला मासा चालायचा नाही. त्याचा सहकारी प्राउसनिट्झ, याला मासा व्यवस्थित पचायचा. त्याने क्युस्टनरच्या रक्तातला सीरम स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला, दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि बरोब्बर तिथेच गांधी उठली! म्हणजे हा मनाचा खेळ नाही, खाणाऱ्याचे नखरे नाहीत, रक्तात काहीतरी आहे हे त्या एका गांधीने दाखवून दिलं. ते "काहीतरी" म्हणजे आयजीई, अ‍ॅलर्जी घडवणारं रक्तातलं प्रतिपिंड, पण ते सापडायला १९६० चं दशक उजाडलं, जपानचं इशिझाका दांपत्य अमेरिकेत आणि स्वीडनमधली एक टीम असं दोन्हीकडे जवळपास एकाच वेळी.

विज्ञान असं हळूहळू चाललं होतं, पण लोकांपर्यंत हा विषय नेला तो आईवडिलांनी. ब्रिटनमध्ये १९९३ ला १७ वर्षांची एक मुलगी रेस्टॉरंटमध्ये शेंगदाणे असलेलं गोड खाऊन दगावली. वडिलांनी पुढच्याच वर्षी अ‍ॅनाफिलॅक्सिस कॅम्पेन सुरू केलं. अमेरिकेतही १९९१ पासून एका आईने काढलेली संस्था काम करत होती. पाकिटांवर स्पष्ट लिहा, शाळेत अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन ठेवा, या मागण्या अशाच घरांतून आल्या, आणि अमेरिकेत २००४ ला लेबलचा कायदा झाला त्यामागे या लोकांची बरीच वर्षं आहेत.

आणि इकडे शेंगदाणा टाळा टाळा म्हणत असतानाच आकडे चढतच होते. अमेरिकेतल्या फोन सर्व्हेत मुलांमधली शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी १९९७ ला ०.४ टक्के, २००२ ला ०.८ आणि २००८ ला १.४. सल्ल्यामुळेच वाढली असं सरळ म्हणता येणार नाही, पण सल्ल्याने थांबली नाही एवढं तर नक्की.

मग लंडनचे डॉक्टर गिडियन लॅक तेल अवीवला भाषणाला गेले. समोरच्या डॉक्टरांना त्यांनी विचारलं, शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचे पेशंट किती जणांनी पाहिलेत? जेमतेम दोन-तीन हात वर आले. लंडनमध्ये जवळपास सगळे हात वर गेले असते. असं का, हे शोधताना नजर गेली बांबावर. बांबा म्हणजे मक्याचे फुगवलेले कुरकुरीत तुकडे, त्यावर भरपूर शेंगदाणा, तोंडात घातलं की विरघळतं, आणि इस्रायलमध्ये बाळं दात यायच्या आधीपासून ते चोखत बसतात. २००८ ला आलेल्या अभ्यासात ब्रिटनमधल्या ज्यू मुलांमध्ये ही अ‍ॅलर्जी १.८५ टक्के निघाली आणि इस्रायलमधल्या मुलांमध्ये ०.१७, म्हणजे वंश सारखाच आणि फरक दहापट. त्याच वर्षी अमेरिकेने तीन वर्षांचा सल्ला मागे घेतला, पुढच्या वर्षी ब्रिटननेही.

पण मागे घेणं वेगळं आणि लवकर द्या म्हणणं वेगळं, त्याला पुरावा लागतो. तो लीप या प्रयोगातून २०१५ ला आला. ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं, सगळी जास्त धोक्यातली, म्हणजे जोरदार एक्झिमा (कातडी कोरडी पडून खाजणं, फाटणं) किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली. आधी कातडीवर टेस्ट, आणि ४ मिलिमीटरपेक्षा मोठा फुगवटा आला त्यांना प्रयोगात घेतलंच नाही. घेतलेल्या ६४० पैकी अर्ध्यांनी शेंगदाणा पूर्ण टाळला, अर्ध्यांनी आठवड्यातून तीनदा तरी खाल्ला, आठवड्याला एकूण ६ ग्रॅम प्रोटीन, साधारण मूठभर दाण्यांएवढं. पाचव्या वर्षी टाळणाऱ्यांमध्ये १७.२ टक्के मुलांना अ‍ॅलर्जी होती, खाणाऱ्यांमध्ये फक्त ३.२. २०१७ ला अमेरिकेचा नवा सल्ला आला, लवकर द्या, पण ज्याला जोरदार एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी आहे त्याचं आधी डॉक्टरांशी बोला. २०२५ ला तिथल्याच एका मोठ्या अभ्यासात लहान मुलांमधली शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी नव्या सल्ल्यानंतर ४० टक्क्यांपेक्षा जास्त घटलेली दिसली.

हे असं का होतं, तर लॅक यांचा अंदाज असा की शेंगदाणा पोटातून आत गेला तर शरीर त्याला आपलं मानतं, पण फाटलेल्या, खाजऱ्या कातडीतून गेला तर शत्रू समजतं. २००३ च्या त्यांच्या अभ्यासात अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांच्या कातडीला शेंगदाणा तेल असलेली क्रीम जास्त लावलेली आढळली होती. म्हणून बाळाला एक्झिमा असेल तर मालिशचं तेल कुठलं हे डॉक्टरांना दाखवूनच ठरवा, हे मी अगदी कळकळीने सांगते.

आपल्याकडे काय? बंगळूर-म्हैसूरकडे शाळेतल्या मुलांचा अभ्यास झाला त्यात खाण्याची अ‍ॅलर्जी ०.१४ टक्के निघाली, हाँगकाँगमध्ये १.५ होती. कमी आहे, पण शून्य नाहीये, आणि ज्या घरात आहे तिथे साबुदाण्याची खिचडी, भरली वांगी, काकडीची कोशिंबीर, चटणी, लाडू, सगळीकडे कूट. नुसतं अंगावर पित्त उठलं तर आपण आमसुलाचं पाणी लावतो, ठीक आहे, पण ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वास घरघरला, उलट्या होऊन पोर मलूल पडलं तर आमसूल नाही, अ‍ॅड्रेनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, लगेच. परदेशात त्याचं पेन मिळतं, १९८७ पासून. इथे ते सहज मिळत नाही, पण अ‍ॅड्रेनॅलिनची साधी अँप्युल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, स्वस्त आहे, तेव्हा अ‍ॅलर्जीचं निदान झालेल्या मुलाच्या डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे डोस, कोण टोचणार, जवळचं हॉस्पिटल कुठलं हे कागदावर लिहून घ्या आणि एक कॉपी शाळेत, एक पाळणाघरात द्या. आणि हो, अख्खे दाणे लहान मुलाला कधीच नाही, घशात अडकतात, कूट बारीक करून पेजेत किंवा पातळ करून द्यायचं.

एफएसएसएआय या आपल्या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २०२० च्या नियमांनी पाकिटावर शेंगदाणा, दूध, अंडं, मासे, सोया, गहू वगैरे असल्याचं वेगळं सांगणं बंधनकारक केलंय, मोठ्या हॉटेल साखळ्यांनाही ती माहिती द्यावी लागते. कोपऱ्यावरचा वडापाववाला, लग्नाचा केटरर, शेजारणीने पाठवलेला डबा यांच्यावर मात्र लेबल नसतं, तिथे तोंडानेच विचारायचं, कूट आहे का, तेल कुठलं, आणि झारा तोच वापरलाय का.