हळदीकुंकवाचं बी फ्रिजमध्ये कशाला?

फुलपाखरांच्या बागेवरच्या परदेशी व्हिडिओंमध्ये एक सल्ला हमखास असतो: मिल्कवीडचं, म्हणजे काही फुलपाखरांच्या अळ्या ज्याची पानं खातात त्या चिकाच्या झाडाचं, बी ओल्या कागदात गुंडाळून ३० दिवस फ्रिजमध्ये ठेवा. ते पाहून आपल्याकडे त्याच्याच कुळातल्या हळदीकुंकू या फुलझाडाचं बी फ्रिजमध्ये जातं आणि महिन्याने बुरशी आलेला लगदा बाहेर निघतो. सल्ला खोटा नाही, पण तो दुसऱ्या झाडासाठी आहे.

त्या व्हिडिओंमधलं मिल्कवीड, म्हणजे उत्तर अमेरिकेतलं अ‍ॅस्क्लेपियास सिरियाका. त्याचं बी पिकतं ऐन हिवाळ्याच्या तोंडावर. तेव्हाच रुजलं तर कोवळं रोप हिमात मरेल. म्हणून बियांतलं अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक गर्भाला झोपवून ठेवतं. चार-पाच अंश सेल्सिअसच्या थंडीत बी काही आठवडे ओलं राहिलं की या आम्लाचा जोर ओसरतो आणि बी रुजवणाऱ्या जिबरेलिन या संप्रेरकाचा वाढतो. जिबरेलिन टरफलाजवळच्या पेशी सैल करतं, साठवलेलं अन्न मोकळं करतं आणि मग मूळ बाहेर पडतं. यात 'ओलं' हा शब्द थंडीइतकाच महत्त्वाचा. कोरड्या बियांत ही रासायनिक उलथापालथ जवळपास ठप्प असते, त्यामुळे बियांचं पाकीट नुसतं फ्रिजमध्ये ठेवणं म्हणजे साठवण, दुसरं काही नाही.

हळदीकुंकू, म्हणजे अ‍ॅस्क्लेपियास कुरासाविका, उष्ण कटिबंधातलं. त्याला हिवाळा मोजावा लागत नाही. शेंग आपण होऊन तडकली की बी काढा, रेशमी शेपूट झटका आणि अर्धा सेंटिमीटर खोल पेरा. २५ ते ३० अंशांना एक-दोन आठवड्यांत रुजतं. हिरव्या शेंगेतलं पांढुरकं बी रुजत नाही.

ऊन रोज किमान सहा तास थेट हवं. कमी मिळालं तर काड्या लांबतात आणि फुलं विरळ येतात. कुंडी १० ते १२ इंचांची घ्या. दोन भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग जाड वाळू. ओल चालते, साचलेलं पाणी नाही. युरिया टाळा, कारण जास्त नत्राने शेंडे लुसलुशीत होतात आणि पिवळा मावा तुटून पडतो. मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाडा. कडुनिंबाचं तेलसुद्धा नको, त्याने या झाडावर वाढणाऱ्या बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या अळ्याही मरतात आणि झाड लावण्याचा हेतूच संपतो. चार-पाच अळ्या एक रोप निष्पर्ण करतात, म्हणून निदान पाच रोपं ठेवा.

अंगणात जागा असेल तर आपली रुई अधिक बरी. या फुलपाखराला तीही चालते. मुरमाड, कोरडी जमीन आणि दिवसभर ऊन एवढंच तिला लागतं. सोटमूळ खोल जातं, म्हणून मोठं झाड उपटून लावलं तर सहसा जगत नाही. बी जागेवरच पेरा किंवा वीतभर फांदी कापून, चीक वाळेपर्यंत एक-दोन दिवस सावलीत ठेवून मग लावा. पांढरी रुई म्हणजे जांभळं रंगद्रव्य नसलेली रुई. तिच्या मुळात गणपती आपोआप घडत नाही. बाजारातला गणपती माणसाने कोरलेला असतो.

फ्लोरिडा-टेक्सासमधल्या मराठी घरांनी मात्र हळदीकुंकवाऐवजी स्थानिक जाती लावाव्यात. तिथे हे झाड हिवाळ्यातही हिरवं राहतं, आणि मोनार्क फुलपाखरांच्या एका परजीवीचे बीजाणू पानांवर साचत जातात. आधीच लावलं असेल तर हिवाळ्याआधी जमिनीपासून सहा इंचांवर छाटा.

छाटताना हातमोजे घाला. रुईचा चीक डोळ्यात गेला तर सुरुवातीला फारसं दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष होतं आणि नंतर नजर धूसर होते. डोळा लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा आणि दुखत नसलं तरी नेत्रतज्ज्ञाला दाखवा.