कुत्र्याचे कोरडे खाद्य: तसेच द्यावे की भिजवून?

कोल्हापुरात डॉग फूडची पिशवी घरोघरी येऊ लागण्याच्या कितीतरी आधीपासून कुत्र्याच्या ताटलीत दूध-भाकरीचा कुस्करा पडत आला आहे. भाकरी कोरडी टाकायची नाही, दुधात नाहीतर पातळ आमटीत कुस्करून मऊ करायची, ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे की दुकानातून आणलेले कडक दाणे कुत्र्यापुढे तसेच ओतताना आजही अनेकांचा हात अडखळतो आणि त्यावर आपसूक तांब्याभर पाणी पडते. उलट बाजूने, दाणे भिजवले की कुत्र्याचे दात किडतात, भिजवले नाहीत तर ते पोटात फुगतात, अशा दोन परस्परविरोधी गोष्टी रंकाळ्यावर कुत्री फिरवायला येणाऱ्यांच्या गप्पांत एकाच सकाळी ऐकायला मिळतात. दोन्हींत थोडे तथ्य आहे आणि बराचसा भाग ऐकीव आहे.

माझ्या मते या वादात प्रश्नच थोडा चुकीचा मांडला जातो. साधे पाणी घातल्याने खाद्याचा कस वाढत नाही आणि कमीही होत नाही. पाण्याने फरक पडतो तो दोन ठिकाणी: कुत्रा ते खाद्य कसे खातो, आणि ते खाद्य भांड्यात किती वेळ चांगले राहते. त्यामुळे निवड करायची ती समोरचा कुत्रा पाहून आणि आपल्या घरातली ताटली किती वेळ भरलेली राहते ते पाहून.

कोरडे दाणे तयार होतात ते धान्य, मांसाचे पीठ, जीवनसत्त्वे वगैरेंचा लगदा उष्णता आणि दाबाखाली साच्यातून काढून. नंतर तो सुकवतात आणि अखेरीस बाहेरून चरबीचा व चवीचा थर फवारतात. तयार दाण्यात पाणी उरते ते साधारण 10 टक्के किंवा त्याहून कमी. इतक्या कमी पाण्यात जंतूंना वाढता येत नाही, म्हणूनच ही पिशवी फ्रीजशिवाय टिकते. दाण्यावर कोमट पाणी घातले की बाहेरचा चरबीचा थर सैल होतो आणि वास एकदम खुलतो, आणि आजारातून उठलेला किंवा नाक मंदावलेला म्हातारा कुत्रा भिजवलेल्या खाद्याकडे वळतो तो मुख्यतः या वासामुळे. पाणी घातल्यावर दहा मिनिटांनी एक दाणा नखाने फोडून पाहिला तर बाहेरचा भाग लोण्यासारखा दबतो, पण मधोमध फिकट, कडक गाठ तशीच राहिलेली असते. मोठ्या कुत्र्याला त्याने काही फरक पडत नाही. नुकते खायला शिकणाऱ्या पिल्लासाठी मात्र ती गाठ विरेपर्यंत, म्हणजे वीस-तीस मिनिटे थांबणे योग्य.

इथे एक गल्लत आधी दूर करायला हवी. भिजवलेले कोरडे खाद्य आणि पाकिटात किंवा डब्यात मिळणारे ओले खाद्य या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि ‘आम्ही ओलेच देतो’ असे म्हणणाऱ्या घरात नेमके काय दिले जाते ते विचारल्याशिवाय कळत नाही. ओल्या खाद्यात पाणी 75 ते 80 टक्क्यांच्या आसपास असते. 100 ग्रॅम दाण्यांत 100 मिली पाणी घातले तर मिश्रणातले पाणी जेमतेम 55 टक्क्यांवर जाते. ओल्या खाद्याची बरोबरी करायची तर त्याच 100 ग्रॅमला सुमारे 300 मिली पाणी लागेल, आणि तेव्हा ते खाद्य न राहता पेज होईल. कॅलरींचे गणित तर याहून फसवे आहे. 100 ग्रॅम दाण्यांत साधारण 350 ते 400 कॅलरी असतात आणि त्यांत कितीही पाणी घातले तरी त्या तेवढ्याच राहतात. पाकिटातल्या ओल्या खाद्यात मात्र 100 ग्रॅमला बहुधा शंभराच्या आसपासच कॅलरी भरतात. म्हणून दाणे नेहमी कोरडे असतानाच मोजावेत. फुगलेल्या दाण्यांनी भरलेली वाटी पाहून ‘आज जास्त झाले’ म्हणून हात आखडता घेतला की कुत्रा अर्धपोटी राहतो, आणि पाकिटाच्या मापाने दाणे वाढले तर तो महिन्या-दोन महिन्यांत गोल होतो.

पिशव्यांवरचे प्रथिनांचे आकडे ताडून पाहतानाही हीच चूक होते. दाण्यांवर 22 टक्के आणि ओल्या पाकिटावर 8 टक्के प्रथिने लिहिलेली असली की पाकीट निकस वाटते. पण दोन्हींतले पाणी वजा करून हिशेब केला तर दाण्यांत सुमारे 24 टक्के आणि 80 टक्के पाणी असलेल्या पाकिटात 40 टक्के प्रथिने निघतात. कोरडे दाणे भिजवल्याने ते ओल्या खाद्याच्या पंक्तीत जाऊन बसत नाहीत, एवढे या हिशेबावरून लक्षात यावे.

भिजवून देणे कोणत्या कुत्र्याला खरोखर गरजेचे आहे, हे पाहिले तर यादी फार लांब नाही. पिल्ले तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून आईच्या दुधाशिवाय काही चाटू लागतात, तेव्हा दाण्यांची पातळ पेज लागते. पुढे पाणी हळूहळू कमी करत सहाव्या ते आठव्या आठवड्यापर्यंत बहुतेक पिल्ले कोरडे दाणे चावू लागतात. चौथ्या ते सातव्या महिन्यात दुधाचे 28 दात पडून कायमचे 42 येतात, त्या काळात हिरड्या दुखत असतील तर पुन्हा काही दिवस ओलसर देण्यात गैर नाही. दात काढलेले किंवा झिजलेले म्हातारे कुत्रे आणि तोंडाला जखम असलेले कुत्रे यांनाही तेच लागू पडते. मूत्रपिंडाचा आजार किंवा मूतखडा असलेल्या कुत्र्याच्या पोटात अधिक पाणी जावे असे पशुवैद्य सांगतात, आणि खाद्यातून पाणी देणे हा त्याचा सोपा मार्ग आहे. त्या सोपेपणाला आकडाही देता येतो. कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण 50 ते 60 मिली पाणी लागते, म्हणजे 25 किलोच्या लॅब्राडोरला सव्वा ते दीड लिटर. त्याच्या 300 ग्रॅम दाण्यांत स्वतःचे पाणी असते ते केवळ 30 मिली. तेच दाणे 300 मिली पाण्यात भिजवले तर दिवसाच्या गरजेचा पाचवा ते चौथा हिस्सा जेवणातच भागतो. अशा कुत्र्याचे पाण्याचे भांडे पूर्वीइतके लवकर रिकामे होत नाही, यात घाबरण्यासारखे काही नाही. भांडे मात्र भरून ठेवायचेच.

निरोगी, दात शाबूत असलेल्या आणि नीट पाणी पिणाऱ्या प्रौढ कुत्र्याला दाणे भिजवून देण्याची गरज नाही. दिले तर अपाय नाही.

पोट फुगण्याची भीती मात्र जरा सविस्तर पाहायला हवी, कारण तिच्यामागचा आजार खरा आणि जीवघेणा आहे. कुत्र्याच्या जठरात वायू साठून ते फुगते आणि कधी स्वतःभोवती पीळ घेते, त्यामुळे रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत कुत्रा दगावू शकतो. खोल, अरुंद छातीच्या मोठ्या जातींत हा धोका अधिक असतो. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन ही नावे नेहमी येतात, पण कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतावर दिसणाऱ्या कारवान कुत्र्यांची छातीही तशीच खोल असते, हे त्यांच्या मालकांनी ध्यानात ठेवावे. वाटीत दाणे पाण्याने फुगतात हे डोळ्यांनी दिसते, म्हणून पोटातही तसेच फुगून जठर ताणत असतील असा तर्क केला जातो. पण कुत्र्याचे जठर ताणले जाण्यासाठीच घडलेले असते, आणि आत गेलेले दाणे तिथल्या रसात घुसळले जाऊन विरघळू लागतात, वाटीतल्यासारखे नुसते पडून राहत नाहीत. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी मोठ्या जातींच्या कुत्र्यांवर केलेल्या अभ्यासांत ज्या गोष्टींचा धोक्याशी संबंध आढळला त्या वेगळ्याच होत्या: वाढते वय, आई-बाप किंवा भावंडाला हा आजार झालेला असणे, अधाशासारखे खाणे, भांडे उंचावर ठेवून जेवू घालणे आणि घटकांच्या यादीत पहिल्या चारांत चरबी असलेले कोरडे खाद्य. टिकवण्यासाठी सायट्रिक अ‍ॅसिड घातलेले खाद्य भिजवून दिल्यास धोका वाढतो, असेही निरीक्षण त्या विद्यापीठाने नोंदवले होते. म्हणजे फुगण्याच्या भीतीने खाद्य भिजवणाऱ्याने आधी पिशवीची मागची बाजू वाचलेली बरी.

अशा जातींसाठी भिजवण्यापेक्षा अधिक उपयोगाच्या गोष्टी म्हणजे दिवसाचे खाद्य एका वेळी न देता दोन-तीन वेळांत विभागणे, जेवणाच्या आगेमागे धावपळ टाळणे, आणि कुत्रा हपापून खात असेल तर आत उंचवटे असलेले भांडे वापरणे, ज्यात त्याला दाणे शोधून खावे लागतात. मऊ झालेले खाद्य हपापलेला कुत्रा कधी कधी अधिकच भराभर गिळतो. कुत्रा ओकण्याचा प्रयत्न करतो पण काहीच बाहेर पडत नाही, पोट टणक लागते आणि तो एका जागी बसत नाही, अशी लक्षणे दिसली तर घरगुती उपाय न करता रात्र असली तरी लगेच पशुवैद्याकडे न्यावे.

दातांची गोष्ट थोडक्यात आटोपते. साधा दाणा दाताच्या टोकाखाली येताच फुटतो, हिरडीलगतच्या भागाला तो घासतच नाही, त्यामुळे कोरड्या खाद्याने दात साफ राहतात हा समज बराच फुगवलेला आहे. दातांसाठी म्हणून खास बनवलेले मोठे, तंतुमय दाणे असतात, त्यांचा फायदा होतो, आणि ते भिजवले तर तो फायदा संपतो. बाकीच्यांसाठी कुत्र्याचा ब्रश आणि कुत्र्याचीच पेस्ट, एवढेच कामाचे आहे.

भिजवायचे ठरवले तर कशात भिजवायचे, इथे कोल्हापुरी घराची खरी परीक्षा आहे. पहिला मोह दुधाचा. गंगावेशीतल्या कट्ट्यावर डोळ्यांसमोर काढून मिळणारे म्हशीचे धारोष्ण दूध माणसाला कितीही मानवत असले, तरी बऱ्याच प्रौढ कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही आणि त्यांचे पोट बिघडते. काहींना पचते, पण म्हशीच्या 100 मिली दुधात सुमारे 100 कॅलरी असतात, त्यामुळे रोजचे कपभर दूध म्हणजे पूर्ण दाण्यांवर चढवलेला आणखी अर्धा-पाऊण वाटी दाण्यांचा भार. दुसरा मोह रविवारचा. तांबडा-पांढरा रस्सा कुत्र्याला घालू नये हे सर्वांना कळते, पण मटण शिजवून काढलेले पाणी, ज्याला इथे अळणी म्हणतात, ते तिखट नसते, म्हणून ते निर्धास्तपणे दाण्यांवर ओतले जाते. त्या अळणीत कांदा आणि आले-लसणाची गोळी शिजलेली असते, मीठ असते. कांदा-लसणातल्या घटकांमुळे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, आणि शिजवल्याने हा दोष जात नाही. एखाद्या वेळच्या चमचाभराने मोठा कुत्रा आजारी पडणार नाही, पण दर आठवड्याची सवय लावू नये. मटणाचेच पाणी द्यायचे असेल तर फोडणी-वाटणाआधी, मीठही न घालता दोन हाडे नुसत्या पाण्यात वेगळी उकळून ते पाणी गाळून, वरची चरबी काढून द्यावे. हाडे देऊ नयेत, कारण शिजलेल्या हाडाच्या चिरफळ्या होतात.

खरे तर साधे कोमट पाणी पुरते. उकळते पाणी ओतू नये. थायमिनसारखी काही जीवनसत्त्वे उष्णतेने कमी होतात, आणि घाईने तोंड घालणाऱ्या कुत्र्याची जीभ पोळते. दाण्यांच्या निम्मे ते तेवढेच पाणी आणि दहा-पंधरा मिनिटे हे प्रमाण बहुतेकांना चालते. आधीपासून कोरडे खाणाऱ्या कुत्र्याला एकदम पातळ देऊ नये, आठवडाभरात पाणी हळूहळू वाढवावे, आणि परत कोरड्यावर आणतानाही तसेच करावे.

भिजवल्यापासून मात्र घड्याळ सुरू होते. सकाळी वाडगा भरून कामावर जायचे आणि कुत्र्याने दिवसभरात लागेल तसे खायचे, ही पद्धत कोरड्या दाण्यांना चालते, भिजवलेल्यांना चालत नाही. पाणी शिरताच दाण्यांचे टिकणे संपते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात किंवा पावसाळ्यातल्या दमट हवेत त्यांत जंतू झपाट्याने वाढतात. अर्ध्या तासात खाल्ले नाही तर उचलावे, दोन तासांपुढे तर कधीच ठेवू नये. आधी दाण्यांभोवती मुंग्यांची रांग लागते, नंतर भांड्याच्या कडेला बुळबुळीत थर धरतो, आणि तेच भांडे नुसते विसळून संध्याकाळी पुन्हा भरले जाते. कोरड्याचे भांडेही रोज साबणाने धुवावे, पण भिजवलेल्याचे भांडे प्रत्येक जेवणानंतर. भिजवून उरलेले खाद्य झाकून फ्रीजमध्ये ठेवले तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, पण मुळात लागेल तेवढेच भिजवणे सोपे.

कोरड्या दाण्यांनाही पावसाळा सोडत नाही. जून ते सप्टेंबर घरातल्या मिठाला पाणी सुटते, मग उघडी पिशवी कशी राहील. दमट दाण्यांना बुरशी लागते आणि काही बुरशींचे विष कुत्र्याचे यकृत खराब करते. त्यामुळे चार ते सहा आठवड्यांत संपेल एवढीच पिशवी आणावी आणि ती तशीच तोंड मिटून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. दाणे डब्यात मोकळे ओतले तर तळाशी जुन्या दाण्यांची खवट चरबी साचते आणि पिशवीवरची तारीखही हरवते. दुकानात किलोवर सुटे मिळणारे दाणे स्वस्त पडतात, पण त्यांच्यावर ना घटकांची यादी असते ना तारीख, म्हणून पावसाळ्यात तरी ते टाळावेत.

गल्लीतल्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी मात्र दाणे कोरडेच द्यावेत. ती कधी येतील ते सांगता येत नाही, कोणी येईपर्यंत भिजवलेले आंबून जाते, आणि उरलेला चिखल दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या भांडणाला निमित्त होतो. दाणे आडोशाला, पावसाचा शिंतोडा येणार नाही असे ठेवावेत आणि बाजूला पसरट भांड्यात स्वच्छ पाणी ठेवून ते रोज बदलावे.