मिठासाठी वाटून घेतलेलं बेट

सतराव्या शतकात डचांचा मोठा धंदा हेरिंग माशाचा, आणि हा मासा खारवल्याशिवाय टिकत नाही. स्पेनशी युद्ध पेटलेलं, त्यामुळे तेव्हा स्पेनच्याच राजाच्या ताब्यात असलेल्या पोर्तुगालच्या किनाऱ्यावरचं मीठ मिळणं मुश्किल झालं. मग डच जहाजं मिठाच्या शोधात थेट कॅरिबियन समुद्रात गेली आणि 1631 मध्ये त्यांनी सेंट मार्टिन या जेमतेम 87 चौरस किलोमीटरच्या बेटावर ठाण मांडलं.

या बेटावर मीठ आपसूक पिकायचं. इथला सर्वांत उंच डोंगर 424 मीटरचा. वाऱ्यासोबत येणारं बाष्प अडवायला तो तोकडा पडतो. पाऊस बेताचा, ऊन भरपूर, बारमाही नदी एकही नाही. लाटांनी लोटलेल्या वाळूने किनाऱ्यावरच्या खाड्यांची तोंडं बुजली आणि आत उथळ खारी तळी तयार झाली. समुद्राचं पाणी आटून साधारण दहावा हिस्सा उरलं की मीठ तळाशी बसू लागतं. उरण-पेणकडे मिठागराला माणसं बांध घालतात, इथे तो समुद्रानेच घातला होता. डच भागाची राजधानी फिलिप्सबर्ग अशाच वाळूच्या पट्टीवर वसली आहे. पुढे समुद्र, मागे ग्रेट सॉल्ट पॉन्ड हे खारं तळं.

1633 मध्ये स्पेनने बेट हिसकावलं. 1644 मध्ये ते परत घ्यायला आलेल्या पीटर स्टायव्हेसंटचा उजवा पाय तोफगोळ्याने गेला. हाच पुढे आजच्या न्यूयॉर्कचा डच गव्हर्नर झाला. 1648 मध्ये स्पॅनिश आपणहून निघून गेले आणि 23 मार्चला फ्रेंच व डचांनी बेट वाटून घेतलं. उत्तरेचा मोठा भाग फ्रेंचांना, दक्षिणेचा लहान पण मिठाने समृद्ध भाग डचांना. दोन माणसं चालत सुटली आणि भेटली तिथे सीमा ठरली, अशी दंतकथा सांगतात. मला त्याहून मोलाचं वाटतं ते करारातलं कलम: जमीन वाटली, पण शिकार, मासेमारी, मिठागरं आणि गोडं पाणी दोघांचं सामाईक राहील. आजही सीमेवर कुंपण नाही.

मीठ काढायचे मात्र गुलाम. स्त्री-पुरुष तळ्यात उभे राहून थर फोडायचे, टोपल्या भरायचे, खाऱ्या पाण्यात पायांना जखमा व्हायच्या. फ्रान्सने 1848 मध्ये गुलामगिरी संपवली आणि ही उघडी सीमाच स्वातंत्र्याची वाट झाली. डच भागातले गुलाम टेकडी ओलांडून पलीकडे जाऊ लागले. त्यांना धरून ठेवणं मळेवाल्यांच्या हातात उरलं नाही, म्हणून त्यांना मजुरी देऊन कामावर ठेवावं लागलं. नेदरलँड्सचा कायदा आला 1863 मध्ये. त्याआधीच 15 वर्षं हे लोक आपल्या पायांनी स्वतंत्र झाले होते.

1949 मध्ये मिठाचा धंदा बंद पडला. पुढे ग्रेट सॉल्ट पॉन्डचा बराच भाग भराव टाकून बुजवला गेला. शहराचा कचराही तिथेच साठतो. भोवतालच्या टेकड्यांवरून उतरणारं पावसाचं पाणी याच तळ्यात मावत असे. तळं जितकं आक्रसेल, तितकं ते पाणी फिलिप्सबर्गच्या रस्त्यांवर येणार.