असमानतेचं तोंड का फिरतं?

"बाजू बदलली की चिन्ह बदलतं" हे वाक्य आपल्याकडे शाळेत गेलेल्या जवळपास प्रत्येकाला पाठ असतं, आणि माझ्या मते बीजगणिताची भीती तिथूनच सुरू होते. कारण बाजू कोणी बदलतच नाही! क्ष + ५ = १२ मधला ५ उडी मारून पलीकडे जात नाही, आपण दोन्हीकडून ५ वजा करतो, तराजूच्या दोन्ही पारड्यांतून सारखंच वजन काढलं की काटा जागेवर राहतो, तसंच. क्ष = ७, संपलं.

हीच गोष्ट 'वैदिक गणिता'तलं 'परावर्त्य योजयेत्' हे सूत्र म्हणून वेदातलं गुपित असल्यासारखी क्लासमध्ये विकली जाते. 'वैदिक गणिता'ची सूत्रं ज्या पुस्तकातून आली ते छापलं गेलं १९६५ साली, उपलब्ध वेदांमध्ये ती सापडत नाहीत. खरा अभिमान बाळगायचा तर ब्रह्मगुप्ताचा बाळगा ना, धन आणि ऋण संख्यांच्या गुणाकाराचे नियम त्याने इ.स. ६२८ मध्येच स्पष्ट लिहून ठेवलेत.

आता असमानता घ्या, म्हणजे 'बरोबर'च्या जागी 'पेक्षा लहान' किंवा 'पेक्षा मोठं' असं चिन्ह असलेलं विधान. ७ − २क्ष < १३. दोन्हीकडून ७ काढले, −२क्ष < ६. इथे सर सांगतात की ऋण संख्येने भागलं की चिन्ह उलटं करा, म्हणून क्ष > −३. मुलं करतात, पण का ते कोणी सांगत नाही. तर तो नियम विसरून जा आणि दोन्हीकडे २क्ष मिळवा: ७ < १३ + २क्ष. मग १३ काढा: −६ < २क्ष. २ ने भागा: −३ < क्ष. कुठेही काही उलटवलं नाही तरी उत्तर तेच आलं! संख्यारेषेवर बघा, २ हा ५ च्या डावीकडे आहे, पण −१ ने गुणलं की अख्खी रेषा शून्याभोवती पलटते आणि −२ हा −५ च्या उजवीकडे जातो. म्हणजे प्रश्न नेहमी एवढाच असतो की आपण केलेली क्रिया संख्यांचा क्रम जपते की उलटवते. बेरीज-वजाबाकी जपते, धन संख्येने गुणणं जपतं, ऋण संख्येने गुणणं उलटवतं, आणि वर्ग करणं तर कधी हे कधी ते: −५ < ३ खरं, पण २५ < ९ खोटं.

खरी मजा ६/क्ष < ३ मध्ये आहे. सरळ क्ष ने गुणून क्ष > २ लिहिलं तर उत्तर अर्धंच, कारण क्ष धन आहे की ऋण हेच आपल्याला माहीत नाही. त्याऐवजी क्ष² ने गुणा, क्ष शून्य नसेल तर क्ष² धनच असतो: ६क्ष < ३क्ष², दोन्हीकडून ६क्ष काढून ३ ने भागलं की क्ष(क्ष − २) > ०. गुणाकार धन हवा तर दोन्ही अवयव धन किंवा दोन्ही ऋण, म्हणून क्ष > २ किंवा क्ष < ०. आकडे घालून बघा, क्ष = −१ घातला तर −६ < ३, बरोबर, आणि १ घातला तर ६ < ३, चूक.