पुस्तकं कपाटात, लेखक समोर, पुण्यात हे कधीपासून चाललंय

हल्ली विद्यापीठांच्या आणि कॉलेजांच्या लायब्ररीत दोन गोष्टी जोरात सुरू झाल्यात, एक म्हणजे आपल्याकडचे प्रबंध आणि शोधनिबंध नेटवर सगळ्यांसाठी खुले करणं आणि दुसरी म्हणजे इथल्याच लेखकांना बोलावून व्याख्यानं, गप्पा ठेवणं. खूप जणांना हे बाहेरून आलेलं काहीतरी नवीन वाटतं, मला अजिबात वाटत नाही. पुण्यात पुस्तकाचं कपाट आणि बोलणारा माणूस आधीपासून जवळजवळच होते, मधे काही वर्षं दोघांची फारकत झाली. आणि खरा प्रश्न तेव्हाही एकच होता, आत कोणाला येऊ द्यायचं.

१८४८ ला पुण्यात नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली, तीच आजचं पुणे नगर वाचन मंदिर. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली तेच हे वर्ष, म्हणजे एकाच गावात एकाच वर्षी दोन दारं उघडली. पुढे १८७५ ला न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली, उन्हाळ्यात संध्याकाळी लोक नुसतं ऐकायला जमायचे, ती अजून चालू आहे. मग १८७८ च्या मे महिन्यात रानडे आणि लोकहितवादींच्या पुढाकाराने हिराबागेत मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली, आजच्या साहित्य संमेलनाचं मूळ तिथलं. पण १८८५ ला दुसरी सभा भरली तेव्हा आमंत्रण जाऊनही जोतिराव फुले आले नाहीत. त्यांनी पत्र पाठवलं, त्याचा आशय असा की तुमच्या सभा आणि पुस्तकं यांच्याशी आमच्या लोकांच्या सभा-पुस्तकांचा मेळ बसत नाही. लेखक-वाचक भेटीचे कार्यक्रम ठरवणाऱ्या प्रत्येकाने ते पत्र एकदा तरी वाचावं असं मला मनापासून वाटतं, कारण खुर्च्या मांडल्या म्हणजे सगळे आले असं होत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्यात एकामागून एक संस्था उभ्या राहिल्या. १९०६ ला महाराष्ट्र साहित्य परिषद, १९१० ला राजवाडे आणि मेहेंदळे यांनी काढलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१७ ला भांडारकर संस्था, १९३० ला गोखले इन्स्टिट्यूट. यातल्या मंडळाच्या पाक्षिक सभेबद्दल जरा सांगतो कारण मला ती पद्धत फार आवडते. कोणाला एखादं जुनं पत्र, ताम्रपट, मोडी कागद सापडला की त्याने टिपण लिहून सभेत वाचून दाखवायचं, ऐकणारे तिथल्या तिथे शंका काढणार, तारीख चुकली असेल तर सांगणार, आणि मग ते मंडळाच्या प्रकाशनात छापून यायचं. आज ज्याला आपण पीअर रिव्ह्यू म्हणतो, म्हणजे छापण्याआधी त्याच विषयातल्या जाणकारांनी तपासणं, ते सगळ्यांच्या समोर आणि मराठीत चालायचं, आणि तिथे पदवी नसलेला माणूसही उभा राहू शकायचा.

भांडारकरचं काम वेगळ्या जातीचं. मुंबई सरकारने गोळा केलेली हजारो हस्तलिखितं डेक्कन कॉलेजात होती ती १९१८ ला संस्थेकडे आली आणि १९१९ पासून महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. देशभरातल्या १,२५९ पोथ्या पाहून, श्लोकाश्लोकाला कुठल्या पोथीत काय पाठ आहे हे खाली नोंदवत ते काम १९६६ ला संपलं. वेगवेगळ्या गावांच्या, वेगवेगळ्या लिप्यांमधल्या पोथ्या उघडल्या नसत्या तर यातलं एक पर्वही झालं नसतं.

१९४९ ला पुणे विद्यापीठ आलं, पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, त्यांच्याच नावाने ग्रंथालय. विद्यापीठांमुळे संशोधन खूप वाढलं हे खरंच, पण एकंदर पद्धत अशी पडली की प्रबंध बांधून कपाटात गेला की संपलं. मी शिकत असताना एका ग्रंथालयात (नाव नको) चिठ्ठी भरून दिली की अर्ध्या तासाने काळ्या रेक्झिनचा, सोनेरी अक्षरांचा जाडजूड प्रबंध यायचा, झेरॉक्स नाही, बाहेर नेणं नाही, पेन्सिलीने काय उतरवून घ्यायचं ते घ्या. एकदा मी एक प्रबंध मागितला तर त्याची पानं एकमेकांना चिकटलेली होती, म्हणजे वीसेक वर्षांत तो कोणी उघडलाच नव्हता, आणि कोणीतरी पाच-सहा वर्षं गावोगाव फिरून लिहिलेला होता तो. फार वाईट वाटलं. व्याख्यानं तोवर सभागृहात गेली होती, वेगळ्या संस्था, वेगळे श्रोते.

बदल झाला त्यातही पुण्याचा हात आहे. देशातल्या विद्यापीठांची ग्रंथालयं जोडायला यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) १९९१ ला इन्फ्लिबनेट सुरू केलं ते आधी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेखालचा प्रकल्प म्हणून, १९९६ ला ते स्वतंत्र केंद्र झालं, आता गांधीनगरला आहे. २००२ ला बुडापेस्टच्या जाहीरनाम्याने ओपन ॲक्सेस, म्हणजे संशोधन सगळ्यांना नेटवर फुकट वाचता येणं, हा शब्द सगळीकडे नेला, आणि २००९ च्या यूजीसी नियमांनी पीएचडीच्या प्रबंधाची डिजिटल प्रत देणं सक्तीचं केलं. ते प्रबंध इन्फ्लिबनेटच्या शोधगंगा या साइटवर ठेवतात, कोणीही घरबसल्या मोबाईलवर उघडू शकतो. मराठी प्रबंधांची एक अडचण मात्र आहे, जुने बरेचसे नुसते स्कॅन केलेले किंवा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधे टाइप केलेले, त्यामुळे आतला शब्द सर्च केला तर सापडत नाही. यावर कोणीतरी नेटाने काम करायला हवं.

संशोधनाच्या जर्नलांचं प्रकरण आणखी अवघड, वर्गणी इतकी की छोट्या कॉलेजला परवडतच नाही. केंद्राने नोव्हेंबर २०२४ ला वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे देशभरासाठी एकच वर्गणी, मंजूर केलं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नलं. चांगलंच आहे, पण ते सरकारी संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना, पेठेत राहून स्वतःच्या हौशीने इतिहास शोधणारा रिटायर्ड शिक्षक अजून बाहेरच.

म्हणून लायब्ररीतलं व्याख्यान मला महत्त्वाचं वाटतं, तिथे आयकार्ड लागत नाही. मागे एका कॉलेजच्या लायब्ररीत आठवडे बाजारांवरच्या पुस्तकाची लेखिका बोलली, ग्रंथपाल बाईंनी शेजारच्या टेबलावर तिचा मूळ प्रबंध काढून ठेवला होता. कार्यक्रम संपल्यावर एक आजोबा चाकणच्या बैलबाजाराचं पान उघडून बराच वेळ उभे होते, म्हणाले माझे वडील इथे बैल घेऊन यायचे. बाई म्हणाल्या आजोबा हे सगळं नेटवर आहे, मुलाला सांगा काढून देईल. ते म्हणाले मला हेच पान पाहिजे. बाईंनी आत जाऊन त्या एका पानाची झेरॉक्स काढून आणून त्यांच्या हातात दिली.